टाहोच्या काठी तंबू: स्टेट पार्कमधल्या कॅम्पिंगची तयारी, कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की बे एरियातल्या मराठी घरांमध्ये लेक टाहोचे बेत शिजू लागतात. सुट्टी संपल्यावर ऐकू येणाऱ्या तक्रारीही दरवर्षी त्याच असतात. जागाच मिळाली नाही. मिळाली तर पोहोचेपर्यंत अंधार पडला. रात्रभर कुडकुडलो, डाळ शिजली नाही, शेजाऱ्यांनी रेंजरला बोलावलं, कूलर अस्वलाने नेला. यातल्या बहुतेक तक्रारी पैसे वाचवल्यामुळे किंवा सामान कमी पडल्यामुळे आलेल्या नसतात. कामं चुकीच्या क्रमाने केली की हे होतं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि त्याच क्रमाने वापरावा.

उदाहरणासाठी मी टाहोच्या पश्चिम किनाऱ्यावरची कॅलिफोर्निया स्टेट पार्कची कॅम्पग्राउंड्स घेतली आहेत. शुगर पाइन पॉइंटमधलं जनरल क्रीक आणि एमराल्ड बेवरचं ईगल पॉइंट ही त्यातली मुख्य. टाहोपर्यंत जायचं नसेल तर आय-८० महामार्गावर ट्रकी गावाजवळ डॉनर लेकच्या काठी डॉनर मेमोरियल स्टेट पार्क आहे. तिथेही जवळजवळ हेच सगळं लागू पडतं.

## टप्पा १: तारीख आणि जागा

स्टेट पार्कचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या सरकारी संकेतस्थळावर होतं. तुम्ही ज्या दिवशी पोहोचणार, त्याच्या बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता ती तारीख खुली होते. १७ जुलैला पोहोचायचं असेल तर १७ जानेवारीला सकाळी पावणेआठला लॉगिन करून, कार्ड हाताशी ठेवून बसा. मार्च-एप्रिलमध्ये 'बघू या कुठे जमतंय का' म्हणणाऱ्याला जुलै-ऑगस्टचा शनिवार मिळत नाही.

इथली मेख पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बुकिंग खुलं होतं ते पोहोचण्याच्या तारखेनुसार. शुक्रवारी पोहोचणारा माणूस त्याच्या दिवशी आठ वाजता तयार असतो, पण गुरुवारी पोहोचणाऱ्याने आदल्याच दिवशी गुरुवार-शुक्रवार-शनिवार अशा तिन्ही रात्री घेतलेल्या असतात. म्हणून शुक्रवारचा हट्ट सोडा. एक दिवस सुट्टी टाकून गुरुवारी जा, नाहीतर रविवारी दुपारी पोहोचून बुधवारी परता. माझं स्पष्ट मत रविवार ते बुधवार असंच आहे. रस्ता मोकळा, किनारा मोकळा, शॉवरला रांग नाही. गुरुवारची रात्र नुसती अडवून ठेवायची आणि यायचं शुक्रवारी, हे मात्र करू नका. ती जागा दुसऱ्या कुणाला हवी असते.

जागा हुकली तर संकेतस्थळावर सूचना लावून ठेवा. ऐनवेळी रद्द होणाऱ्या जागा दरवर्षी असतात.

जागा निवडताना नकाशा उघडा. 'लेकसाइड' हा शब्द वाचून दारातून पाणी दिसेल असं समजू नका. जनरल क्रीकचं कॅम्पग्राउंड हायवे ८९ च्या डोंगराकडच्या बाजूला आहे, आणि तलाव, धक्का आणि वाळूचा किनारा रस्त्याच्या पलीकडे. ईगल पॉइंट एमराल्ड बेच्या तोंडावर उंचावर आहे. पाण्यापर्यंत उतरायचं म्हणजे येताना चढायचंही आहे. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर संडास-बाथरूमपासून मध्यम अंतरावरची, सपाट जागा घ्या. अगदी शेजारची नको. रात्रभर दार आपटतं आणि दिवा डोळ्यांवर येतो.

तपासा: तुमच्या तारखांना ते कॅम्पग्राउंड उघडं आहे का? ईगल पॉइंट फक्त उन्हाळ्यात चालू असतं. दुरुस्तीसाठी एखादं पार्क पूर्ण हंगाम बंदही राहतं. बुकिंगच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात, दोन्ही वेळा पार्कच्या पानावर पाहा.

## टप्पा २: माणसं आणि गाड्या मोजा

एका साइटवर (म्हणजे तंबूसाठी आखून दिलेल्या एका जागेवर) जास्तीत जास्त आठ माणसं, आणि मुलंही माणसंच. 'चार कुटुंबं, एक साइट, मुलं कुठेही झोपतील' हे गणित इथे चालत नाही. चार जणांची चार कुटुंबं म्हणजे सोळा माणसं, म्हणजे किमान दोन साइट. आजी-आजोबा आले की तिसरी लागणारच. बुकिंगमध्ये साधारणपणे एकाच गाडीचे पैसे धरलेले असतात, पुढच्या गाडीला वेगळे पडतात आणि किती गाड्या मावतील ते साइटवर ठरतं.

शेजारशेजारच्या साइट हव्या असतील तर प्रत्येक कुटुंबाने आपापल्या खात्यावरून, एकाच वेळी, आधी ठरवलेला साइट क्रमांक घ्यावा. पहिला, दुसरा, तिसरा असे पर्यायही व्हॉट्सअॅपवर आदल्या रात्रीच लिहून ठेवा. आठ वाजून एक मिनिटाने चर्चा करायला वेळ नसतो.

ज्याच्या नावावर बुकिंग, तो ओळखपत्र घेऊन पहिल्या गाडीत हवा. तोच संध्याकाळी ऑफिस आटोपून मागून येणार असेल तर बाकीचे फाटकावर अडकतात.

## टप्पा ३: सामानाची घरी तालीम

निघण्याच्या आदल्या आठवड्यात अंगणात, बागेत किंवा सोसायटीच्या हिरवळीवर तंबू एकदा पूर्ण उभा करा. दांड्या, खिळे, दोऱ्या, वरचं पावसाचं आवरण, सगळं मोजा. दुकानातून आणलेलं खोकं थेट टाहोला उघडणं ही अगदी नेहमीची चूक. 'सहा माणसांचा' तंबू म्हणजे सहा माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील इतकीच जागा. चौघांना आणि त्यांच्या पिशव्यांना तोच घ्यावा.

आता थंडी. ज्या चुकीमुळे लोक कॅम्पिंगच सोडून देतात ती इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो. टाहोचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा साडेपाचशे मीटर उंच. दुपारी टी-शर्टवर बसता येतं आणि त्याच दिवशी पहाटे पारा ५-६ अंश सेल्सियसवर, कधी त्याहूनही खाली येतो. जुलै-ऑगस्टमध्येसुद्धा.

अशा थंडीत माणूस गारठतो तो खालून. पाठीखालच्या जमिनीत अंगाची ऊब जाते आणि वर कितीही पांघरुणं घेतली तरी भरून येत नाही. घरी पाहुण्यांसाठी फुगवतो ती हवेची जाड गादी मऊ असते, पण आतली हवा रात्रभर थंड होत राहते आणि आपण जणू गार पाण्याच्या पिशवीवर झोपतो. त्यामुळे पैसे खर्च करायचे तर आधी खालच्या, म्हणजे स्लीपिंग बॅगेखाली अंथरायच्या पॅडवर करा. पॅडवर 'आर-व्हॅल्यू', म्हणजे तो थंडी किती अडवतो याचं माप, लिहिलेली असते. ३ च्या खालचं घेऊ नका, थंडी सोसत नसेल तर ४ च्या पुढचं घ्या. हवेची गादी आहेच घरी, तर तिच्यावर बंद पेशींचा फोमचा पातळ पॅड आणि त्यावर जाड रजई किंवा घोंगडी अंथरा.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं असतात. 'लोअर लिमिट' या तापमानाला माणूस कशीबशी रात्र काढतो, 'कम्फर्ट' या तापमानाला झोप लागते. खरेदी कम्फर्टचा आकडा पाहून करा. टाहोच्या उन्हाळ्यासाठी तो शून्य अंश सेल्सियसच्या आसपास असावा. बॅगवर एकच आकडा असेल तर तो लोअर लिमिटचा समजून चाला.

आई-बाबांसाठी दुमडती खाट जरूर न्या. जमिनीवरून उठताना गुडघे दुखतात म्हणून पुष्कळ ज्येष्ठ रात्री संडासला जायचं टाळतात आणि मग पाणीच पीत नाहीत. उंचीवर पाणी कमी पिणं त्रासाचं. खाटेखालून मात्र हवा खेळते, म्हणून खाटेवरही पॅड हवाच.

प्रत्येक माणसाला हे हवं: कानटोपी, लोकरीचे मोजे (झोपताना घालायचा जोड वेगळा आणि कोरडा), एक जाड जॅकेट, डोक्याला बांधायचा दिवा. मोबाइलचा दिवा धरून तंबू बांधता येत नाही, आणि थंडीत बॅटरीही लवकर उतरते.

## टप्पा ४: अर्धा स्वयंपाक घरीच

या उंचीवर पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण ९४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर खदखदत राहते आणि कणी तशीच राहते. राजमा-छोल्यांचं तर विचारूच नका. यावर उपाय दोन. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, किंवा कडधान्यं घरी शिजवून, गोठवून न्या. गोठवलेली उसळ कूलरमध्ये बर्फाचंही काम करते आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आपोआप सुटते.

माझी पसंती अशी. पहिल्या रात्री गरम करायला काही नकोच. दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, दह्यातली चटणी, केळी. पहिल्या संध्याकाळी तंबू आणि अंधार यांची शर्यत असते, त्यात फोडणी नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे किंवा उपमा (रवा घरी भाजून, मोहरी-कढीपत्त्यासकट डब्यात), रात्री कुकरमध्ये मुगाच्या डाळीची खिचडी, वर तूप, मेतकूट, भाजलेला पापड. कांदा, कोथिंबीर, मिरच्या घरूनच चिरून आणा. सालं आणि देठ तिथे निर्माणच होऊ द्यायचे नाहीत. तळण टाळा. उरलेलं तेल टाकायला तिथे जागा नसते आणि त्याचा वास लांबवर जातो.

ट्रकी आणि टाहो सिटीत दूध, ब्रेड, भाज्या, बर्फ मिळतं. भारतीय वाणसामान मात्र सॅक्रामेंटोच्या अलीकडेच घ्या.

दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी पुरते. चौघांच्या दोन दिवसांच्या स्वयंपाकाला मी हिरवे छोटे सिलिंडर तीन धरतो, कारण कुकरला आणि चहाला मिळून अंदाजापेक्षा जास्तच गॅस लागतो. विसरल्या जाणाऱ्या गोष्टी म्हणजे सांडशी, कुकरची रिंग, लायटर, गाळणं, भांडी धुवायला दोन टब आणि वाऱ्याला आडोसा. यातली रिंग विसरली तर कुकर नुसतं पातेलं होतो.

तपासा: जेवणाचं सगळं सामान दोन-तीन खोक्यांत बसतंय का? अस्वलांपासून अन्न सांभाळायला साइटवर लोखंडी पेटी असते, तिच्यात ते मावायला हवं. अवाढव्य कूलर तिच्यात जात नाही. पार्कच्या पानावर पेटीचं माप दिलं असेल तर कूलर मोजून घ्या.

## टप्पा ५: निघायची वेळ आणि रस्ता

साइट दुपारी दोनला मिळते आणि निघायच्या दिवशी बाराला सोडायची असते. तुमचं लक्ष्य चारपर्यंत पोहोचणं हेच हवं. बे एरियातून अंतर सुमारे २०० मैल. मोकळ्या रस्त्याने साडेतीन-चार तास, शुक्रवारी दुपारनंतर त्याच्या दीडपटही लागू शकतात. शुक्रवारीच जायचं असेल तर सकाळी नऊला गाडी सुरू व्हायला हवी. 'ऑफिस करून पाचला निघू' हा बेत मनातून काढून टाका.

जनरल क्रीकला जायचं तर आय-८० ने ट्रकी, तिथून ८९ ने टाहो सिटीवरून टाहोमा. ईगल पॉइंटला हायवे ५० ने साउथ लेक टाहो आणि मग ८९ ने उत्तरेला. या दोन्हींच्या मध्ये एमराल्ड बेचा अरुंद, वळणावळणाचा, काही ठिकाणी कडेला कठडा नसलेला पट्टा आहे. चुकीच्या बाजूने आलात तर तो थकलेल्या डोळ्यांनी पार करावा लागतो.

पश्चिम किनाऱ्यावर फोनला रेंज जेमतेम. बुकिंगची पावती, नकाशा आणि बाकीच्या कुटुंबांचे साइट क्रमांक फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. दोन कागदांवर लिहूनही ठेवा.

## टप्पा ६: पोहोचल्यावरचे पहिले दोन तास

लोक खुर्च्या मांडतात, चहा ठेवतात, मुलं पाण्याकडे पळतात आणि तंबू राहतो. क्रम असा ठेवा.

१. साइटचा क्रमांक खांबावर जुळवून पाहा. वाकलेल्या फांद्या किंवा सुकलेलं झाड वर आहे का ते मान वर करून बघा. त्याखाली तंबू नको.

२. गाडीतून पहिल्यांदा अन्नाची खोकी काढा आणि थेट लोखंडी पेटीत ठेवा. पेटी बंद करून कडी नीट बसवा. बाकी काहीही त्यानंतर.

३. तंबूची जागा सपाट, शेकोटीच्या कड्यापासून आणि पेटीपासून दूर. पाइनची टोकदार फळं आणि खडे हाताने बाजूला करा. तंबूखालची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येता कामा नये. बाहेर राहिली की पाऊस तिच्यावर साचतो आणि तळाशी झिरपतो.

४. तंबू उभा, खिळे ठोकलेले, पावसाचं आवरण चढवलेलं. आकाश निळं असलं तरी आवरण चढवाच. इथल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांत दुपारच्या गडगडाटी सरी अचानक येतात, आणि पहाटेचं दव तर असतंच.

५. पॅड आणि स्लीपिंग बॅगा लगेच अंथरा, म्हणजे रात्रीपर्यंत त्या फुगून येतात. प्रत्येकाचा डोक्याचा दिवा त्याच्या उशाशी.

६. मुलांना घेऊन संडास, नळ आणि परतीची वाट दाखवा. साइट क्रमांक त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

आता चहा.

सावधान: पहिल्या संध्याकाळी लांबची पायपीट नको. उंचीमुळे धाप लागते, डोकं जड होतं. पाणी पीत राहा. हृदयाचं किंवा फुप्फुसांचं दुखणं असलेल्या ज्येष्ठांना आणण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

## टप्पा ७: अस्वल आणि लोखंडी पेटी

टाहोच्या आसपास काळी अस्वलं भरपूर आहेत, आणि कॅम्पग्राउंडमध्ये येणाऱ्यांना कूलर म्हणजे काय ते नेमकं ठाऊक असतं. गाडीचं कुलूप न लावलेलं दार ती उघडतात, खिडकीही फोडतात. आत शिरल्यावर दार बंद झालं तर बाहेर पडण्याच्या धडपडीत गाडीची आतून लक्तरं होतात. म्हणून गाडी ही अन्नाची जागा नाही, दिवसाही नाही.

पेटीत काय जातं? वास येणारं सगळं. अन्न, मसाले, रिकामे डबे, कचरा एवढं लोकांना कळतं. राहून जातात त्या पुढच्या गोष्टी: टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, व्हिक्स, लिप बाम, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, औषधाची गोड बाटली, मुलाच्या जॅकेटच्या खिशातली चिक्की, कार-सीटखालचे बिस्किटांचे तुकडे, आजीच्या पर्समधली सुपारी. निघण्याआधी घरीच गाडी व्हॅक्यूम करा आणि पोहोचल्यावर सगळ्यांचे खिसे तपासा. मी प्रत्येक कुटुंबाला एक 'वासाची पिशवी' करायला सांगतो. दात घासून झाले की ती पिशवी पेटीत.

पेटी उघडी कधी ठेवायची? वस्तू काढताना आणि ठेवताना, बस. स्वयंपाक चालू असताना 'मी इथेच आहे' म्हणून ती सताड उघडी ठेवणं ही दुसरी मोठी चूक. कडी अर्धवट बसली तर पेटी बंद आहे असं धरू नका. हाताने ओढून पाहा.

जेवण झाल्यावर लगेच भांडी. खरकटं उद्यावर टाकायचं नाही. भांडी नळाखाली धुवायची नाहीत. पाणी टबात आणा, धुवा, गाळणीने खरकटं वेगळं करून कचऱ्याच्या पिशवीत टाका, आणि गाळलेलं पाणी पार्कने त्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच ओता. झुडपात भाताची पेज ओतली तर तुमच्यानंतर येणाऱ्या कुटुंबाकडे अस्वल येतं. कचरा रोज रात्री झोपण्यापूर्वी अस्वलरोधक कचराकुंडीत नेऊन टाका.

अस्वल समोर आलंच तर पळू नका. मुलांना जवळ घ्या, उभे राहा, हात वर करून मोठे दिसा, ओरडा, पातेल्यावर डाव आपटा. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. पिल्लू दिसलं तर आई जवळ आहे असं समजून मागे सरा. त्याने पळवलेला डबा परत घ्यायला जाऊ नका. फोटोसाठी एक पाऊलही पुढे नाही. माणसाच्या अन्नाला सोकावलेलं अस्वल शेवटी मारलं जाण्याची वेळ येते, आणि त्याची सुरुवात कुणीतरी उघड्या ठेवलेल्या पेटीपासून झालेली असते.

खारी आणि चिपमंक यांनाही दाणा देऊ नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. या भागातल्या खारींवरच्या पिसवांमध्ये प्लेगचे जंतू सापडतात. साउथ लेक टाहोच्या रहिवाशाला प्लेग झाल्याचं २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये नोंदलं गेलं. मेलेली खार दिसली तर हात न लावता रेंजरला सांगा, आणि बिळांजवळ बसू नका.

## टप्पा ८: शेकोटी

शेकोटी हा बेतातला पक्का भाग धरू नका. उन्हाळा तापला की पार्क शेकोट्यांवर बंदी घालतं, आणि ती कुठल्याही दिवशी लागू होऊ शकते. गॅसच्या शेगडीला सहसा परवानगी राहते, म्हणून जेवण शेगडीवर होईल असंच ठरवा. मक्याची कणसं आणि वांगी निखाऱ्यावर भाजणं हे वरकड सुख.

- लाकूड घरून नेऊ नका. त्यातून झाडं मारणारी कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते. पार्कमध्ये किंवा जवळच्या दुकानात विकत घ्या.
- पार्कातली पडलेली काटकी किंवा पाइनचं फळही उचलून जाळायचं नाही. नियमाने मनाई आहे.
- आग फक्त साइटवरच्या लोखंडी कड्यात, गुडघ्याहून उंच नको. वारा सुटला की विझवा.
- झोपण्याच्या अर्धा तास आधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि मग राखेजवळ हात नेऊन पाहा. ऊब लागली तर आग अजून जिवंत आहे.

२००७ साली साउथ लेक टाहोजवळची अँगोरा आग एका बेकायदा शेकोटीतून पेटली आणि तिच्यात २५४ घरं जळाली. या जंगलात 'होईल आपोआप थंड' असं काही नसतं.

सावधान: थंडी वाजते म्हणून शेगडी, कोळशाची ग्रिल किंवा गॅसचा हीटर तंबूत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो. पाऊस आला तरी स्वयंपाक तंबूच्या ओसरीत नको.

## टप्पा ९: रात्र

रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. अंताक्षरी रंगात येते ती नेमकी पावणेदहाला. कुणी आवडीने गातं यात वाईट काहीच नाही, पण कापडाच्या भिंतीपलीकडे कुणाचं तरी तान्हं झोपलेलं असतं. गाणी जेवणाआधी घ्या. स्पीकर आणूच नका. आवाज आपल्या साइटबाहेर जाता कामा नये, हे दिवसालाही लागू आहे.

झोपताना दिवसभराचे कपडे बदला. घामाने किंचित ओले कपडे रात्री बर्फासारखे लागतात. गरम पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा. तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवा. गच्च बंद केलात तर श्वासाची वाफ आतून ठिबकते आणि बॅग ओली होते. मुलांना झोपण्याआधी संडासला नेऊन आणा, कारण पहाटे तीनला स्लीपिंग बॅगेतून बाहेर पडणं मोठ्यांनाही जड जातं.

तपासा (शेवटची फेरी): पेटीची कडी, कचरा टाकला, राख गार, टेबल मोकळं, गाडीची दारं कुलूपबंद, चपला तंबूच्या आत, डोक्याचा दिवा उशाशी.

## टप्पा १०: पाण्यात उतरणं

टाहो सुमारे ५०१ मीटर खोल आहे आणि त्यात वितळलेलं बर्फ येतं. ऑगस्टमध्ये पृष्ठभागाचं पाणी २० अंशांच्या आसपास येतं, जूनमध्ये ते बरंच थंड असतं, आणि पोटऱ्यांखालचा थर कधीही गार लागू शकतो. धक्क्यावरून किंवा खडकावरून थेट उडी मारली की गारव्याने दचकून माणूस मोठ्याने श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. आधी पाय, मग कंबर, मग छाती. श्वास स्थिर झाला की पुढे. पाणी इतकं नितळ आहे की तळ जवळ वाटतो. त्यावर विसंबून खोली ठरवू नका.

कयाक किंवा पॅडलबोर्ड सकाळीच घ्या. दुपारी वारा उठतो, लाटा येतात, आणि किनाऱ्यापासून लांब गेलेल्याला परत येणं अशक्य होतं. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने १३ वर्षांखालच्या मुलांनी चालत्या नावेत लाइफ जॅकेट अंगात घालायलाच हवं. मोठ्यांसाठी ते नावेत किंवा बोर्डवर बरोबर असलं पाहिजे. मी म्हणेन, मोठ्यांनीही घालूनच बसा. बोर्डला बांधून ठेवलेलं जॅकेट गार पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. मुलं पाण्यात असताना एका वेळी एकाच मोठ्या माणसाकडे नावानिशी पहारा द्या. दहा मोठी माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

आंघोळ, डोकं धुणं, भांडी यांपैकी काहीही तलावात किंवा ओढ्यात नाही. 'निसर्गात विरघळणारा' असं लिहिलेला साबणसुद्धा नाही.

## टप्पा ११: आवरणं

बाराला साइट सोडायची म्हणजे नऊला आवरायला सुरुवात. सकाळचा नाश्ता न शिजवता होईल असा ठेवा. शेव घातलेले दडपे पोहे उत्तम.

आधी बॅगा आणि पॅड गुंडाळा, मग तंबू उन्हात वाळत ठेवा, तोवर गाडी भरा. अन्नाची खोकी पेटीतून सगळ्यात शेवटी काढा आणि काढल्या काढल्या निघा. गाडीत अन्न भरून 'एकदा किनाऱ्यावर जाऊन येऊ' म्हणणारे लोक तीन दिवस पाळलेलं पथ्य शेवटच्या तासात मोडतात. किनाऱ्यावर जायचंच असेल तर आवरण्याच्या आधी जा.

पेटीचे कोपरे हाताने चाचपा. लिंबू, चहाची पुडी, मुलांचा एखादा लाडू हमखास सापडतो. मग सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून साइट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत यायचं. तंबूचे खिळे, ब्रेडच्या पिशवीची क्लिप, दोऱ्याचे तुकडे या एका फेरीत मिळतात.

फुगवायचा बोर्ड किंवा कयाक असेल तर चिखल-शेवाळ पुसून, आतलं पाणी काढून, पूर्ण कोरडं करूनच दुसऱ्या तलावात न्या. टाहोमध्ये २०२३ साली न्यूझीलंड मडस्नेल नावाची परकी गोगलगाय सापडली आहे. अशा गोष्टी ओल्या सामानाला चिकटूनच एका तलावातून दुसऱ्यात जातात. इंजिनाची होडी असेल तर तलावात उतरवण्याआधी तपासणी बंधनकारक आहे, ती वेळ येतानाच्या बेतात धरा.

घरी पोहोचल्यावर तंबू त्याच दिवशी गॅरेजमध्ये पसरा, कितीही थकलेले असलात तरी. ओलसर गुंडाळलेल्या तंबूला काही दिवसांत बुरशी धरते आणि तो वास परत जात नाही. स्लीपिंग बॅगा पिशवीत दाबून न ठेवता सैल टांगा, कुकरची रिंग कुकरमध्येच ठेवा, आणि काय कमी पडलं त्याची यादी सामानाच्या खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवून टाका.